वाचक विचारतात: आटत चाललेलं तळं हिरवं का होतं?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फिरून फिरून येतोय, हंगामी तळी. म्हणजे पाऊस पडला किंवा बर्फ वितळलं की भरणारी आणि काही महिन्यांनी पार तळ दिसेपर्यंत आटणारी. धरणांवर आणि बारमाही तलावांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, या बिचाऱ्यांकडे फारसं कोणी बघत नाही, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आमच्या जवळचं तळं भरतं तेव्हा पाणी गढूळ असतं, मग महिना-दीड महिना छान नितळ, आणि पाणी निम्म्यावर आलं की बघता बघता हिरवं. शेवटी शेवटी तर रंगाचा डबा उघडल्यासारखं दिसतं. आसपास कारखाना नाही, गटार नाही, कोणी काही टाकत पण नाही. मग हे येतं कुठून?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, "पाणी निम्म्यावर आलं की". ऊन लागून पाणी उडून जातं, त्यात विरघळलेली खतं उडून जात नाहीत. तळं निम्मं झालं की उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण दुप्पट, पाव उरलं की चौपट, आणि हे सगळं एक चिमूटभरही नवीन न टाकता. वर पाणी उथळ झालं म्हणजे ऊन तळापर्यंत पोचतं, पाणी लवकर तापतं, जरा वारा सुटला की तळ ढवळला जातो. शेवाळाला याहून चांगले दिवस कुठले यायचे.

उरलेलं अर्धं उत्तर गाळात आहे आणि मला विचाराल तर मोठा वाटा तिथलाच. जरा आकडेमोड करू, कंटाळू नका. समजा तळं एक हेक्टरचं आहे आणि सरासरी एक मीटर खोल. म्हणजे १०,००० घनमीटर पाणी, एक कोटी लिटर. ढोबळ हिशेब असा धरतात की लिटरमागे सुमारे ३५ मायक्रोग्रॅम फॉस्फरस (शेतीतली मंडळी ज्याला स्फुरद म्हणतात तोच) झाला की पाणी शेवाळाला पोसायला तयार झालं. एक कोटी लिटरला तो किती लागेल? ३५० ग्रॅम! डीएपी खतात वजनाच्या साधारण २० टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे पावणेदोन किलो डीएपीत अख्खं तळं त्या रेषेवर येऊन बसतं. आता गाळाकडे बघा. वरचा १० सेंटीमीटर गाळ कोरडा केला तर एका हेक्टरवर साधारण हजार टन भरेल असं धरू, आणि किलोमागे अर्धा ग्रॅम फॉस्फरस, हा काही फार चढा आकडा नाही. झाले ५०० किलो. त्यातला हजारावा भागसुद्धा सुटून वर यायची गरज नाही, तेवढ्यातच काम तमाम! "कोणी काही टाकत नाही" हे तुमचं म्हणणं खरं असेल, पण आजवर वाहून आलेली माती, पाचोळा, गुरांचं शेण, पाणपक्ष्यांची विष्ठा, वरच्या शेतातलं खत, हे सगळं तिथं जमा झालेलं आहे आणि बारमाही तलावाला निदान बाहेर वाहायला वाट असते, या तळ्यातून बऱ्याचदा फक्त पाण्याची वाफ बाहेर पडते, बाकी सगळं आतच.

गाळ तो सोडतो कसा हेही सांगते. गाळातलं लोह ऑक्सिजन असेपर्यंत फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतं, ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं आणि पकड सुटते. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या तलावांवर काम करून १९४१-४२ मध्ये हे दाखवून दिलं, आणि आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. उथळ तळ्यात वर पाण्याला ऑक्सिजन असला तरी गाळाच्या आत दोन-चार मिलिमीटरवर तो नसतो, आणि वारा नसलेल्या उबदार रात्री तर ती सीमा पार गाळाच्या तोंडाशी येते. दुसरी गंमत अशी की शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतं त्याने पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) ९ च्या वर जातो, आणि तेवढ्या पीएचला लोहाची पकड पुन्हा सैल होते. म्हणजे शेवाळ एकदा वाढलं की स्वतःच गाळातून स्वतःचं खत काढून घेतं.

आता हंगामी तळ्याची खास गोष्ट. तळ वाळतो तेव्हा गाळातले असंख्य सूक्ष्मजीव मरतात, आणि पहिलं पाणी पडलं की त्या मेलेल्या पेशी फुटून त्यातलं नत्र (म्हणजे नायट्रोजन) आणि स्फुरद एकदम मोकळं होतं, उरलेले जीव त्यावर तुटून पडतात. केनियात मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये वाळलेली माती भिजवल्यावर होणारी ही उसळी मांडली, म्हणून तिला बर्च परिणाम म्हणतात. म्हणून भरल्या भरल्याच पाण्यात खत भरपूर असतं, पण तेव्हा ते गढूळ असतं, ऊन आत जात नाही. मग माती खाली बसते, पाणवनस्पती उगवतात, पाण्यातले बारीक किडे शेवाळ खातात, तो तुमचा नितळ महिना. पाणी ओसरायला लागलं की ही घडी विस्कटते.

वाळण्याने फक्त तोटाच होतो असं नाही हां. भेगा पडून हवा आत गेली की लोह पुन्हा गंजतं आणि थोडा फॉस्फरस परत धरून ठेवतं. कुठल्या तळ्यात कुठली बाजू जड पडेल हे त्या गाळावर आहे, लोह किती, चुना किती, सेंद्रिय किती यावर.

प्रश्न: कॉलेजात आम्हाला शिकवलं की शेवाळ किती वाढणार ते फॉस्फरसवर ठरतं. एका व्याख्यानात ऐकलं की नायट्रोजन पण तितकाच महत्त्वाचा. परीक्षेत काय लिहायचं आणि खरं काय?

परीक्षेत सरांनी शिकवलंय ते लिहा, मार्क तिथे आहेत :) खरं काय ते जरा लांबण लावून सांगते.

फॉस्फरसवाल्यांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एक फोटो. कॅनडात ओंटारियो प्रांताच्या वायव्य भागात प्रयोगांसाठीच राखलेले तलाव आहेत, त्यातल्या २२६ नंबरच्या तलावाला मधोमध प्लॅस्टिकचा पडदा घालून १९७३ मध्ये दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. काही आठवड्यांत दुसरा भाग हिरवागार आणि पहिला होता तसाच, आणि विमानातून काढलेल्या फोटोत मधली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. साबणातला फॉस्फेट कमी करा हे सरकारांच्या गळी उतरवायला पानंच्या पानं आकडे जे करू शकले नसते ते या एका फोटोने केलं.

फॉस्फरसवाल्यांचं दुसरं म्हणणं असं की नायट्रोजन कमी पडला तर काही निळी-हिरवी शेवाळं तो सरळ हवेतून घेतात, त्यांच्या साखळीत जाड भिंतीच्या खास पेशी असतात त्या हेच काम करतात, फॉस्फरस मात्र हवेतून ओढून घेता येत नाही. पटण्यासारखं आहे. पण उथळ आटणाऱ्या तळ्यात गाळातले जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात, पाण्याच्या मानाने गाळ जास्त असल्याने हे झपाट्याने होतं, आणि दुसऱ्या बाजूने गाळ फॉस्फरस सोडतच असतो. म्हणजे हंगामाच्या शेवटी फॉस्फरस मुबलक आणि नायट्रोजनचीच ओढाताण, असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. हवेतून नत्र घेणं हे शेवाळाला महागात पडणारं काम आहे, ते पुरेसं झेपतं की नाही यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

शेवाळाच्या शरीरात साधारण १०६ कार्बनला १६ नायट्रोजनला १ फॉस्फरस असं अणूंचं प्रमाण धरतात, रेडफिल्डचं प्रमाण म्हणतात त्याला, मूळचं समुद्रातलं. त्या हिशेबाने एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमच्या वर कोरडं शेवाळ उभं राहतं, ओलं तर त्याच्या कितीतरी पट. माझं मत विचाराल तर आधी फॉस्फरसच्या मागे लागा कारण तो जमिनीवरून येतो आणि अडवता येतो, पण नत्राकडे काणाडोळा नको.

प्रश्न: तळं चार-पाच महिने खडखडीत कोरडं असतं, जमिनीला भेगा पडतात. तरी दरवर्षी शेवाळ परत. ते येतं कुठून, वाऱ्याने?

थोडं वाऱ्याने, थोडं पक्ष्यांच्या पायांना लागून. बाकीचं गेलेलंच नसतं. पाणी संपत आलं, खाणं कमी पडलं की कित्येक शेवाळं जाड कवचाच्या पेशी बनवतात, आतमध्ये अन्न भरून ठेवलेलं, आणि त्या गाळात झोपून राहतात. हिरव्या शेवाळांत काहींची युग्मबीजं अशीच टिकतात. पाण्यातल्या किड्यांचंही तेच, डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा काळपट खोगिरासारख्या कवचात अंडी घालून ठेवतात.

विश्वास बसत नसेल तर करून बघा, मी एकदा केलं होतं. कोरड्या तळ्यातलं मूठभर ढेकूळ, काचेची मोठी बरणी, साठवून ठेवलेलं पावसाचं पाणी, खिडकीत उजेडाला पण थेट उन्हात नाही. माझ्या बरणीत पहिले दोन दिवस नुसता चिखल होता. मग काचेच्या उजेडाकडच्या बाजूला पुसट हिरवी झाक आली, आठवड्यानंतर पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके झटके देत पोहायला लागले, आणि ते जसे वाढले तशी काच परत स्वच्छ. अख्ख्या तळ्याची कथा खिडकीत बघायला मिळाली. (घरच्यांनी बरणी परत मागितली नाही.)

प्रश्न: पहाटे तळ्यावर गेलो तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते, काही मेलेले. आदल्या दुपारी सगळं ठीक होतं. कोणीतरी विष टाकलं असा संशय आहे.

असेलही, पण पहाटेची वेळ आणि हिरवं पाणी म्हटल्यावर माझा पहिला संशय शेवाळावर. दिवसा ते ऑक्सिजन बनवतं, इतका की दुपारी पाण्यात मावत नाही, बुडबुडे दिसतात. रात्री बनवणं बंद आणि श्वास घेणं चालू, शेवाळाचं, माशांचं, गाळातल्या जीवाणूंचं, सगळ्यांचंच. सगळ्यात कमी ऑक्सिजन कधी? उजाडायच्या जरा आधी. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांचे हाल. आदल्या दिवशी ढगाळ असेल आणि वारा पडला असेल तर हमखास.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात. दुपारी पीएच चढलेला असतो तेव्हा पाण्यातल्या अमोनियाचं रूप बदलतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ९ ला तोच एक तृतीयांशाच्या वर. म्हणजे माशाला दुपारी अमोनिया आणि पहाटे गुदमरणं, आगीतून फुफाट्यात. मोठे मासे आधी मेले आणि बारके तग धरून असतील तर ऑक्सिजनचाच घोळ असण्याची शक्यता जास्त, विष असेल तर सहसा लहानमोठे एकदमच जातात. पहाटे आणि दुपारी अशी दोनदा ऑक्सिजनची मोजणी करून घ्या, एकदाच मोजलात आणि तीही दुपारी, तर रिपोर्ट एकदम झकास येईल आणि काही कळणार नाही.

प्रश्न: हिरवं पाणी जनावरं पितात, पोरं डुंबतात. ते विषारी असतं असं ऐकलं. उकळून चालेल का?

उकळून चालणार नाही, हे आधी सांगते. सगळं हिरवं पाणी विषारी नसतं पण निळ्या-हिरव्या शेवाळातल्या, म्हणजे सायनोबॅक्टेरियातल्या, बऱ्याच जाती विष बनवतात. त्यातलं मायक्रोसिस्टिन यकृतावर जातं आणि ते उष्णतेला दाद देत नाही, उलट उकळल्याने पेशी फुटून विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटल्याने दाट होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडो शहराला ईरी सरोवरातून येणारं पाणी असंच बिघडलं, चार लाखांवर लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असं सांगावं लागलं. त्याआधी १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूमध्ये डायलिसिसवरच्या रुग्णांना असं पाणी रक्तातून गेलं आणि ५० च्या आसपास माणसं दगावली. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर (त्या विषाचाच एक प्रकार) लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आत ठेवा म्हणते.

घरच्या घरी ओळखायच्या दोन युक्त्या. एक, हातमोजे घालून लांब काठी पाण्यात फिरवा: केसांसारखे हिरवे दोरे लोंबत आले तर ते साधं तंतुमय शेवाळ, आणि काठी रंगात बुडवल्यासारखी माखून आली तर सावध व्हा. दोन, झाकणाच्या बाटलीत पाऊण भरून पाणी घ्या, रात्रभर हलवू नका: सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात त्यामुळे ते वर तरंगून कडेला हिरवं कडं धरतं, बाकीची शेवाळं बहुतेक खाली बसतात. यावरून विष आहे की नाही ते कळत नाही, संशय घ्यायचा की नाही एवढंच कळतं, पक्कं लॅबमध्येच. आणि वारा ज्या काठाकडे वाहतो तिथं साय जमून शेकडो पटीने दाट होते, जनावरं नेमकी काठावरच पितात. शक्य असेल तर त्या दिवसांत पिण्याचं पाणी वेगळं द्या, निदान साय जमलेल्या त्या काठाला नेऊ नका, आणि कुत्र्यांना सांभाळा, ती पोहून आल्यावर अंग चाटतात त्यात जास्त जातं.

प्रश्न: मोरचूद टाकला की दोन दिवसांत शेवाळ साफ होतं असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणतो जिवाणूंची पावडर टाका, तिसरा तुरटी. कोणाचं ऐकू?

तिघांचं ऐका, टाकू नका. मोरचुदाने (म्हणजे तांब्याच्या क्षाराने) शेवाळ मरतं यात शंका नाही, १९०४ पासून लोकांना हे माहीत आहे. पण मेलेल्या शेवाळातलं विष आणि फॉस्फरस दोन्ही पाण्यातच सुटतं, ते कुजताना ऑक्सिजन ओढतं, शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवा शेवाळाच्याही आधी मरतात, आणि तांबं कुठं जात नाही, गाळात बसतं, दर वर्षी थोडं थोडं. तीन आठवड्यांनी परत हिरवं, आता खाणारं पण कोणी नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पावडरीतले जिवाणू फॉस्फरस खाऊन तो स्वतःच्या अंगात ठेवतील, मरतील, परत सोडतील. तळ्याबाहेर एक ग्रॅमही गेला नाही, पैसे मात्र गेले. तुरटी यात सगळ्यात शहाणी, कारण अॅल्युमिनियम फॉस्फरसला ऑक्सिजन नसतानाही धरून ठेवतं आणि खोल तलावांत हे नीट मोजून मापून करतात. पण तिने पाणी आंबट होतं, पीएच ६ च्या खाली घसरला की अॅल्युमिनियमच माशांना विष, आणि उथळ तळ्यात वारा तो थर ढवळून टाकतो. फॉस्फरस धरून ठेवायला लँथॅनम नावाचा धातू मिसळलेली माती मिळते, ऑस्ट्रेलियात शोधलेली, तिची गतही पुढच्या वर्षी नवा गाळ वर बसला की तीच.

जिथं खरंच सुधारणा झाली तिथं येणारा पुरवठा तोडला होता. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तलावात मैलापाणी पडायचं, १९६३ ते १९६८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि पुढच्या काही वर्षांत पाणी निवळलं, बाहेरून कसलंही औषध न घालता. पण तो खोल तलाव आहे आणि त्यातून पाणी बाहेर वाहतं हेही लक्षात घ्या, तुमच्या तळ्याला तेवढ्याने भागणार नाही, त्याचं पुढे येतंच.

प्रश्न: आमचं पाणी स्वच्छ आहे पण पाणवनस्पतींनी भरलंय, पाय टाकता येत नाही. सगळं उपटून काढून त्यात मासे सोडायचा विचार आहे, कसा वाटतो?

वाईट. स्पष्टच बोलते कारण हे नंतर निस्तरता येत नाही.

उथळ तळं दोनपैकी एका अवस्थेत राहतं, एक तर वनस्पती आणि नितळ पाणी नाहीतर शेवाळ आणि हिरवं पाणी, आणि खताचं प्रमाण तेच असताना दोन्ही शक्य असतात. मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे नीट मांडलं. वनस्पती गाळ धरून ठेवतात, वारा अडवतात, पाण्यातलं खत घेतात आणि मुख्य म्हणजे पाणपिसवांना लपायला जागा देतात. त्या पिसवा दिवसभर पाणी गाळून शेवाळ खातात. बारीक मासे नेमके पिसवा खातात आणि तळ उकरणारे मासे, कार्पसारखे, गाळ ढवळून वनस्पती उपटतात. तुम्ही वनस्पती काढल्या आणि वर मासे सोडले तर शेवाळाचे दोन्ही शत्रू एकदम घालवले.

आटणाऱ्या तळ्याला निसर्गाने एक देणगी दिलीय, दरवर्षी कोरडं पडल्याने मासे टिकत नाहीत, म्हणूनच तुमचं पाणी स्वच्छ आहे. बाहेरून आलेलं, वर तरंगून पाणी झाकून टाकणारं केंदाळ असेल तर ते जरूर काढा. पाण्याखाली रुजलेली झाडी असेल तर चालायपुरती वाट कापा, फार तर एखादा कोपरा. आणि कापलेलं काठावर टाकून देऊ नका, आठवड्यात कुजून रस परत पाण्यात.

प्रश्न: पाण्याची पारदर्शकता मोजायला ती पांढरी-काळी तबकडी वापरतात ना, ती आम्ही शाळेत बनवली पण तळ इतका उथळ आहे की तबकडी टेकली तरी दिसतेच.

मग ती तबकडी (सेक्की नावाच्या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी तबकडी वापरली, तिचाच हा नंतरचा प्रकार) तुमच्या उपयोगाची नाही. एक मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या, तळाला छोटा काळा-पांढरा ठिपका, वरून पाणी ओतत जा आणि ठिपका दिसेनासा झाला तिथं उंची लिहा. त्याच पाण्याचा एक पेला पांढऱ्या फिल्टर पेपरमधून गाळा: पेपर हिरवा झाला तर शेवाळ, तपकिरी झाला तर माती. मुलांना वहीत तारीख, पाण्याची उंची, नळीचा आकडा आणि पेपरचा तुकडा चिकटवायला सांगा, हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला.

प्रश्न: तळं कोरडं असताना गाळ काढायचा ठरतोय. त्याने शेवाळ कमी होईल का? किती खोल काढावा?

वर जो ५०० किलोचा हिशेब केला त्याला हात घालायची हीच वेळ, बारमाही तलाववाल्यांना हे सुख नाही, त्यांना पाण्याखालून उपसावं लागतं. पण गाळ काढणं म्हणजे खोदकाम नव्हे. फॉस्फरस जास्त करून वरच्या काही सेंटीमीटरमध्ये असतो, काळसर, मऊ, वास येणारा थर. खाली चिकणमातीचा घट्ट थर असतो तो पाणी धरून ठेवतो, तो यंत्राने फोडलात तर तळं पुढच्या वर्षी भरेल आणि पंधरा दिवसांत झिरपून जाईल, मग शेवाळाचा प्रश्नच उरणार नाही म्हणा. आधी तीन-चार ठिकाणी हाताने खड्डे घेऊन थर बघा, वरचा ५ सेंटीमीटर आणि खालचा २० सेंटीमीटरवरचा असे वेगळे नमुने लॅबला द्या. दोन्हीत फॉस्फरस सारखाच आला तर वरचा खरवडून उपयोग नाही, खाली तेच निघणार.

सगळं तळं एका वर्षी खरवडू नका. त्याच मातीत पाणवनस्पतींचं बी आणि पाणपिसवांची अंडी आहेत, बरणीतली गोष्ट आठवा. तिसरा हिस्सा काढा, दोन वर्षं बघा. काढलेला गाळ शेतात जाऊ दे, लॅबने जड धातू नाहीत म्हटलं तर, पण काठावर ढीग घालू नका. ढीग काठावर आणि पहिला पाऊस, की सगळं परत घरी.

गाळ काढायची ऐपत नसेल तर त्याहून सोपं एक काम आहे. पाणी ओसरल्यावर तळात गवत उगवतं ते कापून बाहेर न्या. एक टन वाळलेल्या गवतात साधारण दोन-तीन किलो फॉस्फरस असतो आणि तळं हिरवं करायला ३५० ग्रॅम लागतो हे वर बघितलंच. त्याऐवजी गुरं तळात सोडली तर गवत खातात आणि शेण तिथंच टाकतात, हिशेब जिथल्या तिथं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोरड्या तळात पीक घेऊन त्याला खत घालणं. तिथं पीक घ्यायचंच असेल तर बिनखताचं घ्या, तळात आधीच इतकं आहे की वरून घालायची गरज पडणार नाही.

प्रश्न: तळं आटल्यावर जमिनीवर राखाडी-पांढरा कागद अंथरल्यासारखा थर राहतो, हाताने सोलून निघतो, कापडासारखा. प्लॅस्टिक म्हणून जाळणार होतो. काय आहे ते?

शेवाळच आहे! तंतुमय शेवाळाची चटई पाणी ओसरताना जमिनीवर बसते आणि उन्हात वाळून, रंग उडून कागद होते. आयर्लंडमध्ये चुनखडीच्या भागात टर्लो नावाची हंगामी तळी आहेत, जमिनीखालून भरतात आणि खालीच रिकामी होतात, तिथं हा शेवाळी कागद कुंपणांवर वाळत घातलेल्या चादरीसारखा लोंबताना दिसतो. १६८६ मध्ये बाल्टिक किनाऱ्याजवळ आकाशातून काळा कागद पडला म्हणून मोठी खळबळ झाली होती, दीडशे वर्षांनी सूक्ष्मजीवांचे जर्मन अभ्यासक एहरेनबर्ग यांनी जपून ठेवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घातला तर त्यात शेवाळाचे तंतू निघाले, वादळाने कुठून तरी उचलून आणलेले.

जाळू नका, राखेत स्फुरद तसाच राहतो आणि ती राख तळातच पसरते. कडक वाळलाय तोवर दाताळ्याने ओढून गुंडाळ्या करा, तोंडाला फडकं बांधा कारण धूळ फार उडते, आणि तळाच्या उतारापासून लांब नेऊन झाडांच्या बुंध्याशी पसरा. निघण्याआधी एक गुंडाळी वजन करून वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेवढ्याच जागेतला कागद परत तोला आणि मला कळवा.